गुडघा बदलल्यानंतरचा व्यायाम आणि त्याची मात्रा

गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर दुसऱ्या दिवशी काढलेल्या एक्स-रेमध्ये सगळे जागच्या जागी दिसते. पायाचा बाक गेलेला असतो, धातूचे भाग चपखल बसलेले असतात, सर्जन समाधानी असतात. आणि तरीही पलंगावर पडलेल्या काकूंना स्वतःचा पाय गादीपासून वीतभरही उचलता येत नाही. ‘‘मॅडम, ऑपरेशनमध्ये एखादी शीर तर दबली नाही ना?’’ हा प्रश्न सांगली-मिरज भागात फिजिओथेरपीचे काम करताना मला नातेवाइकांकडून सतत ऐकावा लागतो. शीर दबलेली नसते, हे तपासून खात्री करून घेता येते. मांडीच्या पुढच्या बाजूचा जो मोठा स्नायू गुडघा सरळ करतो, त्या क्वाड्रिसेप्सपर्यंत पोहोचणारा मज्जासंस्थेचा हुकूमच वाटेत मंदावलेला असतो, आणि तो मंदावणारे संदेश खुद्द सुजलेल्या गुडघ्यातून निघत असतात.

ही गोष्ट प्रयोगाने दाखवून दिलेली आहे. १९८४ साली स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या गुडघ्यात सलाइन सोडून पाहिले. अवघ्या २० ते ३० मिलिलिटर द्रवाने मांडीच्या आतल्या बाजूचा भाग मंदावू लागला आणि ५० ते ६० मिलिलिटरपर्यंत गेल्यावर क्वाड्रिसेप्सचे बाकीचे भागही. त्या गुडघ्यांना ना जखम होती ना झीज. केवळ सांध्यात द्रव साठल्यामुळे स्नायू ढिला पडत होता. मग ज्या गुडघ्यात हाड कापले गेले आहे आणि रक्त साठले आहे, त्याची अवस्था काय असेल, हे वेगळे सांगायला नको. शस्त्रक्रियेनंतर सुमारे महिनाभराने मोजले, तर क्वाड्रिसेप्सची ताकद शस्त्रक्रियेच्या आधीपेक्षाही साधारण ६० टक्क्यांनी घटलेली आढळते. स्नायू बारीक होणे हे त्याचे एक कारण आहे, पण त्या काळात त्याहून मोठे कारण म्हणजे आहे तो स्नायूदेखील पूर्णपणे चेतवला न जाणे. शिवाय हा सगळा हिशेब अशा पायाचा आहे, जो शस्त्रक्रियेच्या आधी कित्येक वर्षे दुखण्यामुळे आधीच जपून वापरला गेलेला होता.

म्हणून पहिल्या आठवड्यातील व्यायाम दिसायला अगदी क्षुल्लक असतात आणि त्यामुळेच ते घरच्यांना पटत नाहीत. घोटा वर-खाली हलवायचा, त्याने पोटरीतील रक्ताभिसरण सुरू राहते. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, पाच सेकंद धरून सोडायची. हे करताना गुडघ्याची वाटी मांडीच्या दिशेने किंचित वर सरकली पाहिजे. ती सरकते की नाही हे मी स्वतः बोट ठेवून पाहते आणि मग पेशंटलाही तिथेच बोट ठेवायला लावते, कारण आपला स्नायू कामाला लागला की नाही हे त्यांना बोटाला कळते आणि मग माझ्या ‘शाब्बास’ची गरज उरत नाही. टाच गादीवर घासत गुडघा वाकवायचा. सरळ पाय उचलायचा. तो उचलताना गुडघा मध्येच थोडा वाकत असेल तर त्याला आम्ही ‘लॅग’ म्हणतो आणि लॅग जाईपर्यंत आधाराशिवाय चालण्याची घाई करत नाही. जोडीला बर्फाचा शेक आणि पाय उंच ठेवणे हे दोन उपाय असतातच. सूज उतरवणे हा या टप्प्यावर स्नायूंच्याच उपचाराचा भाग आहे, कारण सूज जोवर आहे तोवर तो हुकूम मंदच राहणार.

येथे एका उशीविषयी लिहिलेच पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरे वाटते, कारण त्या स्थितीत सांध्यातील दाब कमी असतो. मग मायेने कोणीतरी गुडघ्याखाली उशी सरकवते आणि ती रात्रभर तशीच राहते. काही आठवड्यांनी पाय पूर्ण सरळ होत नाही. पाच-दहा अंशांचा हा बाक दिसायला किरकोळ असतो, परंतु अशा पायावर उभे राहताना क्वाड्रिसेप्सला एक क्षणही विसावा मिळत नाही, चालताना तो पाय आखूड पडल्यासारखा होतो आणि कंबर दुखू लागते. उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने सरळ होत राहतो. भेटायला आलेले सगळे ‘किती वाकतो?’ एवढेच विचारतात. ‘पूर्ण सरळ होतो का?’ असे विचारणारा नातेवाईक मला अजून भेटायचा आहे.

अर्थात वाकण्यालाही महत्त्व आहेच, फक्त ते कशासाठी हवे आहे हे ठाऊक असावे. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६५ अंश वाकावा लागतो, जिना चढायला ८० ते ८५, उतरायला ९० च्या आसपास, नेहमीच्या उंचीच्या खुर्चीवरून उठायला ९० पेक्षा थोडा अधिक आणि खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधायला १०५ च्या पुढे. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे याच्या पलीकडचे आहे. त्याला १२० अंशांहून बरेच जास्त वाकणे लागते, मांडी घालताना तर पाय बाहेर वळवावाही लागतो. सांधेरोपणानंतर बहुतेकांचा गुडघा ११० ते १२५ अंशांपर्यंत येतो, आणि तो किती येईल हे शस्त्रक्रियेच्या आधी किती वाकत होता यावर बऱ्याच अंशी ठरते. आमच्याकडच्या बहुतेक पेशंटचे आयुष्य पाटावर, जमिनीवर आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयात गेलेले असते. ‘सहा महिन्यांनी खाली बसता येईल ना?’ या प्रश्नाला मी गोड उत्तर देत नाही. बहुतेक सर्जन खाली बसू नका असेच सांगतात, आणि कमोड व उंच खुर्ची यांची सोय शस्त्रक्रियेआधीच करून ठेवणे शहाणपणाचे असते.

यंत्रांबद्दल आमच्या समाजात जी श्रद्धा आहे, ती थोडी कमी झाली तर बरे होईल. फिजिओथेरपी म्हणजे शेक, लाइट, करंट आणि वायरी, असे चित्र इतके पक्के आहे की नुसता व्यायाम शिकवला तर ‘आज काहीच ट्रीटमेंट दिली नाही’ असे म्हणणारे लोक भेटतात. गुडघ्याला आपोआप वाकवणारे आणि सरळ करणारे एक यंत्र आहे. सांधा सतत हलता ठेवण्याची ही कल्पना टोरांटोच्या डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांची, आणि कूर्चेवरचे त्यांचे मूळ संशोधन मोलाचे आहे; परंतु सांधेरोपणानंतर ते यंत्र लावल्याने पेशंटला पुढे जाणवेल असा फायदा होत नाही, हे आता पुष्कळ अभ्यासांती मान्य झाले आहे. कारणही उघड आहे. यंत्र पाय हलवते, पेशंट हलवत नाही, आणि आपली अडचण तर स्नायूला जागे करण्याची आहे. याला एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवा: शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांतच क्वाड्रिसेप्सला विद्युत उत्तेजन द्यायला सुरुवात केली आणि ते काही आठवडे नेमाने दिले, तर ताकद परत येण्यास मदत होते. मात्र ते स्नायू जोरकस आकुंचन पावेल इतक्या तीव्रतेने द्यावे लागते. गुदगुल्या होतील एवढा करंट लावून पेशंटला पेपर वाचत पडू देण्याने हे साधत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. टाके निघतात, वॉकर सुटतो, पेशंट काठी घेऊन घरात फिरू लागतो आणि नेमक्या याच वेळी बहुतेकांचा व्यायाम थांबतो; किंवा थांबत नाही, पण पहिल्या आठवड्यात मिळालेल्या झेरॉक्स कागदावरचे तेच व्यायाम तितकेच वेळा चालू राहतात, आणि माझ्या मते ते थांबण्यासारखेच आहे. रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर डॉक्टर पुन्हा मोजतात, मात्रा बदलतात, पुन्हा मोजतात. व्यायामाच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवसाची मात्रा तिसऱ्या महिन्यातही तशीच चालते आणि वर ‘फिजिओथेरपीचा उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष निघतो.

मात्रेचा हा विचार पुनर्वसनात स्पष्टपणे मांडला गेला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डिलॉर्म यांच्यापुढे गुडघा आणि मांडीला इजा झालेले सैनिक पडून होते. त्या काळची रीत हलक्या वजनाने पुष्कळ वेळा हालचाल करून घेण्याची होती. डिलॉर्म स्वतः तरुणपणी संधिवाताच्या तापातून उठल्यावर वजने उचलून सुदृढ झालेले होते. त्यांनी सैनिकांना जड वजने आणि थोड्या आवृत्त्या द्यायला सुरुवात केली आणि १९४५ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ही पद्धत सुटसुटीत केली. पेशंट जास्तीत जास्त दहा वेळाच उचलू शकेल असे वजन शोधायचे, त्याच्या निम्म्या वजनाने दहा, पाऊण वजनाने दहा आणि पूर्ण वजनाने दहा आवृत्त्या करायच्या, आणि ताकद वाढली की ते दहाचे वजन पुन्हा मोजायचे. आजच्या व्यायामशाळांतील ‘दहाचे तीन सेट’ येथूनच आले. गंमत अशी की आकडे सगळ्यांनी उचलले आणि पुन्हा मोजण्याची अट मात्र बहुतेकांनी सोडून दिली.

सत्तरीच्या आजींना सैनिकाचा व्यायाम कसा द्यायचा, असे वाटणे साहजिक आहे. वजन अर्थातच वेगळे असते, तत्त्व तेच राहते. बाजारात घोट्याला बांधायच्या वाळूच्या पट्ट्या मिळतात. नाही मिळाल्या तर अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी किंवा एक किलो मिठाची पिशवी कापडात गुंडाळून बांधता येते. खुर्चीत बसून गुडघा सावकाश सरळ करायचा, वर थोडा थांबायचे आणि त्याहून सावकाश खाली आणायचा. शेवटच्या दोन-तीन आवृत्त्या खरोखर जड गेल्या पाहिजेत. बारा-पंधरा आवृत्त्या गप्पा मारत होऊ लागल्या, तर वजन वाढवण्याची वेळ झाली असे समजावे. खुर्चीवरून उठणे-बसणे हा तर सर्वांत कामाचा व्यायाम, आणि त्याचीही मात्रा वाढवता येते: आधी खुर्चीवर दोन उशा टाकून, मग एक उशी, मग नुसती खुर्ची, मग हात न टेकता, मग खाली बसताना चार आकडे मोजत. पायरी चढण्याचा सराव पाटापासून सुरू होतो, मग चौरंग, मग जिन्याची खरी पायरी. आमच्या भागात शेवटची परीक्षा एसटीच्या पायरीची असते, आणि तिची उंची कोणत्याही पुस्तकातील पायरीपेक्षा जास्त भरते.

वाढवायचे कधी आणि थांबायचे कधी, याला माझ्याकडे एक साधी कसोटी आहे. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. ते तासा-दोन तासांत निवले पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळपेक्षा जास्त सुजलेला किंवा गरम नसावा. यासाठी वाटीच्या वर मोजपट्टीने घेर मोजून लिहून ठेवायला मी सांगते, कारण ‘जरा सुजल्यासारखे वाटते’ यावर कोणताच निर्णय घेता येत नाही. घेर वाढला तर व्यायाम बंद करायचा नाही, मात्रा एक पायरी खाली आणायची. मात्र पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, ताप आला, टाक्यांतून स्राव येऊ लागला किंवा दम लागला, तर तो विषय व्यायामाचा उरत नाही आणि त्याच दिवशी सर्जनकडे जावे लागते.

‘घरकाम करतेच आहे की मी, वेगळा व्यायाम कशाला?’ हा युक्तिवाद मी बायकांकडूनच ऐकते, आणि त्यामागे बहुधा पुन्हा स्वयंपाकघरात उभे राहावे लागल्याची घाई असते. त्या कामाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला बाजूने पाहिले तर सगळा भार दुसऱ्या पायावर असल्याचे दिसते. खुर्चीवरून उठतानाही शरीर नकळत दुखऱ्या पायाला वगळते, आणि ही सवय दुखणे संपल्यानंतरही पुष्कळ दिवस टिकते. म्हणजे दिवसभराच्या कामाने जो पाय बळकट होतो, तो शस्त्रक्रिया न झालेला. त्या पायाच्या गुडघ्याचीही झीज झालेलीच असते, आणि मग तो पुढच्या रांगेत उभा राहतो. म्हणून मी घरी असतील तर दोन वजनकाटे शेजारी-शेजारी ठेवून त्यांवर एकेक पाय ठेवून उभे राहायला सांगते. दोन्ही काट्यांवरचे आकडे पाहिले की पुढे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

काठीबाबतही असाच एक गैरसमज आहे. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरावी असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. ती विरुद्ध हातात धरायची असते, म्हणजे ऑपरेशनचा पाय आणि काठी एकत्र पुढे पडतात आणि भार दोघांत वाटला जातो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

या सगळ्यात पैशाचा प्रश्न येतोच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरवली. त्यामुळे शस्त्रक्रिया पुष्कळांच्या आवाक्यात आली, याचे मला मनापासून समाधान आहे. पण सांध्यासाठी कर्ज काढणारे कुटुंब त्यानंतरच्या तीन महिन्यांच्या पुनर्वसनासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवत नाही, आणि त्यांना तशी कल्पनाही कोणी दिलेली नसते. रोज येणे परवडत नसेल तर मी रोज बोलावतच नाही. आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा यावे, मोजमाप करून घ्यावे, नवी मात्रा लिहून न्यावी आणि बाकी घरी करावे. घरच्या घरी केलेला व्यायाम कमी दर्जाचा नसतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात वृद्धांची पडझड टाळण्यासाठी तयार झालेला कार्यक्रम याचे चांगले उदाहरण आहे: घोट्याला वजन बांधून पायांचे व्यायाम, तोल सांभाळण्याचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा, शिवाय चालणे, हे सगळे घरी, आणि प्रशिक्षित व्यक्ती मोजक्याच वेळा येऊन वजन आणि अवघडपणा वाढवून जाते. या कार्यक्रमाने वृद्धांचे पडणे सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. तिथेही कळीची गोष्ट मधूनमधून होणारी ती वाढ हीच आहे.

मोजमापासाठीही फार काही लागत नाही. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात. अर्ध्या मिनिटात हात छातीशी घडी करून किती वेळा उठता येते. पाय पूर्ण सरळ होतो का. घड्याळ, खुर्ची आणि जमिनीवर खडूची रेघ एवढ्यावर हे भागते. आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावले, की नातवंडे त्यात स्पर्धेसारखा रस घेऊ लागतात आणि माझे निम्मे काम तिथेच होते.

शेवटी एका प्रश्नाविषयी, जो कोणत्याच छापील कागदावर नसतो आणि जो मला बहुतेक जणी दार लावून घेतल्यावर विचारतात: देवापुढे गुडघे टेकता येतील का? बहुतेकींना ते शक्य असते, परंतु जमत नाही, कारण टेकवल्यावर विचित्र वाटते. शस्त्रक्रियेच्या छेदात गुडघ्याच्या पुढच्या भागातील त्वचेची एक लहान नस कापली जाते, त्यामुळे वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो आणि तिथे भार पडला की काहीतरी तुटेल अशी भीती वाटते. जखम पूर्ण भरल्यावर, तीन-चार महिन्यांनंतर आणि सर्जनची संमती घेऊन, याचाही सराव पायरीपायरीने करता येतो. आधी पलंगाशेजारी उभे राहून फक्त तो गुडघा गादीवर टेकवायचा आणि थोडा भार द्यायचा. मग दोन्ही गुडघे गादीवर. मग जमिनीवर जाड सतरंजीची चौपदरी घडी घालून, शेजारी भक्कम खुर्ची ठेवून, खाली जाताना चांगला पाय पुढे आणि ऑपरेशनचा गुडघा आधी टेकवायचा. उठताना चांगला पाय पुढे रोवून खुर्चीवर हात देऊन उठायचे. एका वेळी दोन-तीन आवृत्त्या पुरतात, आणि सतरंजीची घडी दर आठवड्याला एका पदराने कमी करायची.